काळी वाळू, क्यूब आणि आवक क्रमांक : सिव्हिलच्या पीएचडीची हकिकत

सिव्हिलमध्ये पीएचडी करायची तर नेमकं काय काय लागतं, असं विचारणारे बरेच फोन गेल्या काही महिन्यांत आले. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच. एम.ई. किंवा एम.टेक. झालेलं, कोल्हापूर-सांगलीकडच्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा पॉलिटेक्निकला नोकरी, घरी लहान मूल, आणि आता नाही केली तर राहूनच जाईल ही धास्ती. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं क्रमानं लिहून काढते. माझा प्रवेश २०१८ चा, म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमावलीखालचा. ७ नोव्हेंबर २०२२ ला नवी नियमावली आली. आधी नोंदणी झालेल्यांना जुनेच नियम लागू राहिले, पण आता प्रवेश घेणाऱ्यांना नवे लागतील. जिथं फरक पडतो तिथं सांगत जाईन. विद्यापीठ, कॉलेज आणि माणसं यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. प्रयोगाच्या पीएचडीत दोन प्रकारची वाट बघावी लागते. काँक्रीट ९० दिवसांचं व्हायला ९० दिवसच लागतात, तिथं कुणाची ओळख चालत नाही. आणि समितीची बैठक समितीच्याच तारखेला होते, तिथं तुमची घाई चालत नाही. ह्या दोन्ही वाटा बघणं एकाच वेळी चालू ठेवलं तर सहा वर्षं पुरतात. एक संपल्यावर दुसरं असं केलं तर पुरत नाहीत.

२०१७ च्या दिवाळीत ठरवलं आणि पहिलं काम कागदपत्रांचं काढलं. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांना ५० टक्के. नव्या नियमात चार वर्षांच्या बी.ई.ला ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. नेटचा गोंधळ बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो, म्हणून सांगते: यूजीसी-नेटच्या विषयांत सिव्हिल इंजिनिअरिंग नाही. आपल्यासाठी गेट ही इंजिनिअरिंगची राष्ट्रीय परीक्षा किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट. गेट पात्र असाल तर पेटमधून सूट मिळते का, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा.

मी पेटच दिली. निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर. विषयाचं फार वाटलं नाही, रोज शिकवतोच. पण गृहीतक, नमुना निवड, टी-चाचणी, काय-स्क्वेअर हे सिव्हिलवाल्यांच्या वाटेला कधी येत नाही आणि पेटमध्ये आपले लोक तिथंच अडकतात. मी अकरावी-बारावीच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकांपासून सुरुवात केली. मुलगी झोपली की तासभर. नुसत्या पाठांतरापेक्षा आपल्याच लॅबमधले क्यूबचे, म्हणजे ताकद तपासण्यासाठी टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, जुने आकडे घेऊन सरासरी, प्रमाण विचलन काढत बसले, त्यानं डोक्यात पक्कं बसलं. पुढं प्रबंधात तेच कामाला आलं.

निकाल लागल्यावर खरा प्रश्न गाईडचा. प्राध्यापकाकडे एकावेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, ही मर्यादा आहे. म्हणजे नाव कितीही मोठं असलं तरी जागा रिकामी आहे का, हे आधी विचारायचं. दुसरं विचारायला संकोच वाटतो पण विचाराच: निवृत्ती कधी? नव्या नियमात निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्या शिक्षकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. मी भेटायला जाताना एका पानाचं टिपण घेऊन जात असे. मला काय करायचंय, कुठली उपकरणं लागतील, कुठली माझ्या कॉलेजात आहेत. ज्यांनी शेवटी मला घेतलं त्या सरांनी ते पान वाचून एकच सांगितलं, “मॅडम, साहित्य गावाजवळ मिळेल असा विषय घ्या. सहा वर्षं ते आणायला लागणार आहे.”

कोल्हापुरात ह्या सल्ल्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, तिन्ही एमआयडीसींत फाउंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने आहेत. साच्यासाठी वापरलेली वाळू काही फेऱ्यांनंतर निकामी होते आणि तिचे काळे ढीग साठतात. दुसरीकडे नदीच्या वाळूचा उपसा, तिच्यावरची बंदी, चढे दर हे आपण सगळे बघतोच. फाउंड्रीतली टाकाऊ वाळू काँक्रीटमध्ये बारीक वाळूच्या जागी किती घालता येईल, हा विषय मी घेतला. जगात ह्यावर काम झालेलं आहे, पण आपल्या भागातल्या वाळूवर, आपल्या क्रश सँडबरोबर (दगड फोडून केलेल्या वाळूबरोबर), टिकाऊपणाच्या सगळ्या चाचण्यांसह करायला भरपूर वाव होता.

मुलाखतीनंतर प्रवेशाचं पत्र आलं आणि कागदांची दुसरी फेरी सुरू झाली. कॉलेजची एनओसी, दुसऱ्या विद्यापीठातून एम.ई. असेल तर मायग्रेशन, जात वैधता, अनुभवाचा दाखला. एनओसी संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह घ्या. नुसत्या सही-शिक्क्याचा कागद पुढच्या टेबलावर अडतो. लग्न झालेल्या मैत्रिणींना खास सांगणं: पदव्या माहेरच्या नावानं आणि आधार सासरच्या, असं असेल तर पहिल्याच दिवशी एक नाव ठरवा. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडावा लागतो. मी एम.ई.च्या प्रमाणपत्रावरचंच नाव कायम ठेवलं आणि त्याच नावानं ऑर्किड हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढला. पेपर, प्रबंध, शोधगंगा हा प्रबंधांचा ऑनलाइन साठा, सगळीकडे तेच अक्षर न् अक्षर. हे काम दहा मिनिटांचं आहे पण पुढचे बरेच हेलपाटे वाचवतं.

कोर्सवर्क २०१९ च्या मध्यापर्यंत चाललं. संशोधन पद्धती, विषयाचा एक पेपर आणि साहित्य आढावा. ५५ टक्के मिळवावे लागतात. शनिवार-रविवार त्यातच गेले. आता किमान १२ क्रेडिट आहेत आणि त्यात संशोधन व प्रकाशन नैतिकतेचा कोर्स सक्तीचा आहे. कोर्सवर्कला लोक नावं ठेवतात, मला मात्र त्याचा फायदा झाला. साहित्य आढावा म्हणून जे लिहिलं तेच वाढवत वाढवत प्रबंधाचं दुसरं प्रकरण झालं. तिथं नुसती शंभर पेपरांची यादी करू नका. प्रत्येक पेपरमधून वाळूचा प्रकार, किती टक्के बदली, पाणी-सिमेंट गुणोत्तर, किती दिवसांची ताकद असे रकाने करून एक्सेल ठेवा.

मग सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा. आधी संशोधन सल्लागार समिती म्हणजे आरएसी, तिथून पुढं विषयाला मान्यता देणारी आरआरसी. सादरीकरणाच्या वेळी हात थरथरत होते, इतकी वर्षं वर्गात उभी राहून शिकवत असूनही. बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांनी पहिल्या स्लाइडलाच विचारलं, “फाउंड्रीची वाळू म्हणजे कुठली? ग्रीन सँड की रेझिनची?” हा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा होता. ग्रीन सँडमध्ये सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी असतं. रेझिनच्या वाळूत रासायनिक बंधक असतात आणि ती पाण्यात वेगळी वागते. दोन्ही एका शीर्षकात घेतल्या असत्या तर कामाला अंतच राहिला नसता. शीर्षक ग्रीन सँडपुरतं मर्यादित करून मान्यता मिळाली. मंजूर शीर्षक नंतर बदलायचं तर पुन्हा सगळ्या टेबलांवरून फिरावं लागतं, म्हणून ह्या टप्प्यावर एकेक शब्दावर वेळ घाला. आणि तुमची सहा वर्षांची कमाल मुदत कुठल्या तारखेपासून मोजली जाणार, हे पत्रावर लेखी असू द्या. स्त्रिया आणि दिव्यांगांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे आणि बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. हा आपला हक्क आहे, मागायला लाजायचं कारण नाही.

वाळू आणायला सुरुवात करणार तोच ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, ती पंचगंगेनं केव्हाच मागं टाकली होती. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. शहरात नळाला पाणी नाही, अर्धे विद्यार्थी पूरग्रस्त. कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही जेवणाची पाकिटं भरत होतो. त्या दिवसांत वाळूचा विचारही मनात आला नाही.

सप्टेंबर उलटल्यावर शिरोलीतल्या एका फाउंड्रीत गेले. फोरमननी ढीग दाखवला आणि म्हणाले, “मॅडम, न्या की पायजे तेवढी. टेम्पो तेवढा तुमचा.” वाळू फुकट, भाडं आपलं. पण नुसती पोती भरून आणून चालत नाही. आज पडलेली वाळू आणि महिन्याभरानं पडलेली वाळू सारखी नसते, कारण साच्यात बेंटोनाइट आणि कोळसा कमीजास्त होतो. त्यामुळं वेगवेगळ्या तारखांना ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून पोती भरली, प्रत्येक पोत्याला तारखेची चिठ्ठी बांधली, मग सगळी एकत्र मिसळून चार भाग करत नमुना काढला. वाळूत लोखंडाचे बारीक तुकडे, साच्यातल्या कोअरचे (आतल्या पोकळीसाठी केलेल्या वाळूच्या भागाचे) न फुटलेले गोळे येतात, ते चाळून काढायला लागतात. चाळणी लावली तर जवळपास सगळी वाळू ६०० मायक्रॉनच्या खाली. आयएस ३८३ ह्या भारतीय मानकातल्या झोनमध्ये, म्हणजे कणांच्या आकाराच्या पट्ट्यात, ती एकटी बसत नाही, क्रश सँडबरोबर मिसळूनच बसवावी लागते. संध्याकाळी घरी गेलं की नखांत काळं आणि रुमालावर काळं. मास्क लावल्याशिवाय हे काम करू नका, सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते.

कास्टिंगचं, म्हणजे काँक्रीट साच्यात टाकण्याचं, नियोजन थोडं सविस्तर सांगते, कारण विचारणाऱ्यांना ह्याचा अंदाज नसतो. एम-३० चं, म्हणजे २८ दिवसांत ३० मेगापास्कल ताकदीच्या काँक्रीटचं, मिक्स आयएस १०२६२ प्रमाणं काढलं. वाळूची बदली ०, १०, २०, ३०, ४० आणि ५० टक्के, अशी सहा मिक्स. प्रत्येकाचे ७, २८ आणि ९० दिवसांचे क्यूब, दर वेळी तीन. झाले ५४ क्यूब. १५० मिमीचा एक क्यूब आठ किलोच्या वर भरतो, म्हणजे साडेचारशे किलोच्या घरात काँक्रीट, आणि हे फक्त दाबाच्या ताकदीसाठी. तन्यतेचे सिलिंडर, वाकण्याच्या चाचणीचे बीम आणि टिकाऊपणाचे नमुने वेगळेच. तेव्हा पहिल्यांदा क्यूब पाण्यात बुडवून ठेवायच्या टाकीत जागा मोजा. आमच्या लॅबमध्ये बी.ई.च्या मुलांचे प्रोजेक्ट आणि बाहेरून येणाऱ्या साइटचे क्यूब त्याच टाकीत असतात. लॅबच्या मामांनी टाकीचा एक कोपरा मला ठरवून दिला आणि रंगानं पट्टी मारून ठेवली. मामा नसते तर हे काम झालं नसतं. साचे घट्ट आवळणं, तेल पुसणं, दुसऱ्या दिवशी कडा न तोडता साचा सोडवणं हे त्यांच्या हातात आहे, पुस्तकात नाही.

पहिलं ३० टक्क्यांचं मिक्स मिक्सरमधून बाहेर आलं ते भाकरीच्या घट्ट पिठासारखं. बेंटोनाइट आणि बारीक कण पाणी पिऊन टाकतात, स्लंप म्हणजे काँक्रीटचा सैलपणा झपकन खाली येतो. पाणी वाढवण्याचा मोह अजिबात धरायचा नाही, पाणी-सिमेंट गुणोत्तर बदललं की तुलनाच संपली. सुपरप्लास्टिसायझरची, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाची, मात्रा वाढवत स्लंप ठरलेल्या पट्ट्यात आणला. मामा ट्रॉवेल फिरवत म्हणाले, “मॅडम, ह्याचा रंगच मेल्यागत हाय, ताकद येणार का?” आली. सात दिवसांचे पहिले क्यूब मशीनमध्ये लावले तेव्हा काट्याकडं बघताना दोघंही बोलत नव्हतो. २८ दिवसांचा एम-३० चा चांगला क्यूब साडेआठशे किलोन्यूटनच्या आसपास फुटतो. ठरवून दिलेल्या गतीनं भार वाढवला तर फुटायला जेमतेम तीन मिनिटं लागतात. त्या तीन मिनिटांसाठी चार आठवडे थांबायचं.

तेच थांबण्याचे आठवडे मी कार्यालयासाठी वापरले. टाकीच्या वहीतली चाचणीची तारीख आणि विद्यापीठाच्या तारखा एकाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडल्या. क्यूबचं वय सिमेंटला पाणी लागल्यापासून मोजतात, त्यामुळं कास्टिंग कुठल्या वारी केलं की चाचणी सुट्टीत पडत नाही हे आधी बघायचं. ७, २८ सात-सातच्या पटीत आहेत, म्हणजे तोच वार येतो. ९० मात्र सहा वार पुढं सरकतो. सोमवारी टाकलेला क्यूब नव्वदाव्या दिवशी रविवारी येतो, मंगळवारचा सोमवारी. म्हणून मंगळवार ते शनिवार टाका, सोमवार टाळा. दर सहा महिन्यांचा आरएसीचा प्रगती अहवाल मी ९० दिवसांच्या वाट पाहण्यात लिहायला घेत असे.

जानेवारी २०२० मध्ये मुख्य मालिका टाकली. २८ दिवसांचे निकाल फेब्रुवारीत मिळाले, चांगले होते. ९० दिवसांची तारीख एप्रिलमध्ये होती आणि २५ मार्चला देशभर लॉकडाउन लागला. कॉलेज बंद, टाकी आत. घरातून ऑनलाइन लेक्चर घेत होते, मुलगी शेजारी बसून चित्रं काढत होती आणि माझ्या डोक्यात त्या टाकीतलं पाणी आटत होतं. लॅब पुन्हा उघडली तोवर टाकी अर्धी कोरडी पडली होती. सरांना फोन केला. ते म्हणाले, “फोडा, पण खरं वय लिहा. ९० च्या रकान्यात ते जाणार नाहीत.” ते निकाल परिशिष्टात गेले, आणि मालिका पुन्हा टाकायची ठरली.

इथं बऱ्याच जणांना वाटतं की नुसते ९० दिवसांचेच क्यूब पुन्हा टाकले की भागेल. भागत नाही. सिमेंटची खेप बदललेली, वाळूचं मिश्रण बदललेलं. शून्य टक्क्याच्या मिक्सपासून सगळं परत, नाहीतर तुलना कशाशी करणार? सिमेंट तसं महाग पडत नाही, क्यूबच्या एका मालिकेला दोन पोती पुरतात. महाग पडतो तो वेळ आणि मन. त्या वर्षी सोडून द्यावं असं मला खरंच वाटलं होतं. ज्यांची मुदत त्या काळात संपत होती त्यांना यूजीसीनं मुदतवाढ दिली, माझी मुदत पुढची असल्यानं मला तिचा उपयोग नव्हता. सासूबाई म्हणाल्या, “अर्ध्यात सोडायला तू काय हौसेनं घेतलंयस का? कर.” घरचा स्वयंपाक त्यांनी वर्षभर अंगावर घेतला. २०२० च्या शेवटापासून पुन्हा कास्टिंग सुरू केलं. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला, शिरोलीला रस्ता पुन्हा बंद झाला, पण तोवर लागणारी सगळी वाळू मी लॅबच्या मागच्या शेडमध्ये पत्र्याखाली आणून ठेवली होती.

निकाल थोडक्यात सांगायचा तर माझ्या वाळूत २० टक्क्यांपर्यंत ताकद साध्या काँक्रीटच्या बरोबरीनं राहिली, ३० नंतर घसरली. टिकाऊपणासाठी, काँक्रीटमध्ये क्लोराइड किती सहज शिरतं ते दाखवणारी रॅपिड क्लोराइड चाचणी करायची होती. तिच्यासाठी १०० मिमी व्यासाच्या, ५० मिमी जाडीच्या चकत्या लागतात, त्यांना सहा तास ६० व्होल्टचा दाब देऊन किती विद्युतभार पार गेला ते कुलंबमध्ये मोजतात. आमच्याकडे यंत्र नव्हतं. पुण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत वेळ घेतली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या चकत्या बॅगेत भरून एसटीनं नेल्या. एकेक चकती किलोभराची, त्यामुळं बॅग मांडीवरून हलवता येत नव्हती. बाहेरच्या चाचण्यांसाठी आगाऊ पैसे, लेखी कोटेशन आणि पावती हे तिन्ही ठेवा. एक्सआरडी, एसईएम ह्या काँक्रीटची सूक्ष्म रचना बघण्याच्या चाचण्यांचे नमुने छोटे असतात, ते वाळवून हवाबंद डबीत न्या. चाचण्या आणि प्रवास धरून माझे पन्नास हजारांच्या आत-बाहेर गेले. साहित्य, परिषदा आणि छपाई तेवढीच, आणि सहा वर्षांची फी सगळ्यात मोठी. एकूण सव्वादोन-अडीच लाख पडले. सारथी, बार्टी, महाज्योती ह्या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, नोकरीत नसाल तर प्रवेश मिळताच त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

पेपरचा भाग मला सगळ्यात जड गेला. २०१६ च्या नियमात प्रबंध देण्याआधी मान्यताप्राप्त नियतकालिकात एक पेपर आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं सक्तीची होती. नव्या नियमावलीत यूजीसीनं ही सक्ती काढली आहे, तरी तुमच्या विद्यापीठाचा नियम वाचा. माझा पहिला पेपर एका नियतकालिकानं बरेच महिने ठेवून परत पाठवला. वाईट वाटलं, पण परीक्षकांचं एक वाक्य सोन्यासारखं होतं: ह्या काँक्रीटमधून जड धातू पाण्यात झिरपतात का, ते तपासलं आहे का? त्यावरून लीचिंगची चाचणी केली आणि प्रबंधाला एक अख्खं प्रकरण मिळालं. दुरुस्त पेपर दुसरीकडे लागला. आठवड्यात पेपर छापून देतो म्हणणाऱ्या ईमेल रोज येतील. नोकरीच्या फायलीत तसला पेपर उपयोगाचा नाही आणि व्हायवाला (शेवटच्या तोंडी परीक्षेला) त्याचं नाव काढलं की मान खाली जाते. यूजीसी-केअरची मान्य नियतकालिकांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळं आता नियतकालिक पारखून घेण्याची जबाबदारी आपली आणि गाईडची.

लिखाण २०२३ मध्ये धरलं. पहाटेचे दोन तास, कॉलेजला जायच्या आधी. साधर्म्य तपासणीची, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का ह्या तपासणीची, भीती सगळ्यांना असते. २०१८ च्या नियमानुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांत पुन्हा द्यायचं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रमाण सूत्रं ह्या मोजणीतून वगळतात, सलग चौदा शब्दांपर्यंतचा योगायोगही. सिव्हिलवाल्यांचं साधर्म्य वाढतं ते चाचणीच्या कृतीत, कारण प्रत्येक जण आयएस कोडमधली कृती उतरवतो. कोडचा क्रमांक द्या आणि तुम्ही स्वतः काय केलंत ते लिहा: टाकीचं तापमान किती होतं, साचे कुठले, मशीनची क्षमता किती, कॅलिब्रेशन कधी झालं. कोल्हापुरात थंडीत टाकीचं पाणी गार पडतं, २७ अंशांच्या आसपास ठेवायला काय केलं तेही. मशीनच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्राची प्रत मी परिशिष्टात लावली होती आणि एका परीक्षकांच्या अहवालात त्याची खास नोंद आली.

२०२४ च्या सुरुवातीला आरएसीसमोर आणि विभागात खुलं पूर्वसादरीकरण झालं. सूचना लेखी घेतल्या, प्रत्येकीपुढं काय बदल केला ते पान क्रमांकासह लिहून दिलं. छपाई राजारामपुरीत केली. छापायला देण्याआधी मुखपृष्ठाचा नमुना, मार्जिन, प्रमाणपत्रांचा मजकूर संबंधित विभागात दाखवून या, त्यावर ‘ठीक’ असा शेरा मिळाला तर उत्तम. प्रबंध, सॉफ्ट कॉपी, फीचं चलन, ना-देय दाखले, साधर्म्याचा अहवाल, पेपरच्या प्रती एका फायलीत लावून दिल्या. आणि प्रत्येक वेळी, अगदी साध्या अर्जालाही, आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. कागद सापडत नाही असं कधी कुणी म्हणालं तर तो क्रमांक सांगितला की फाइल सापडते. माझ्या तर सहा वर्षांच्या पोचपावत्यांची वेगळी फाइल झाली.

त्यानंतरची वाट सगळ्यात लांब वाटते, कारण हातात काम नसतं. प्रबंध गाईडशिवाय किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. सगळं मूल्यमापन सहा महिन्यांत संपवण्याची पद्धत विद्यापीठानं ठेवावी, असं नियमावली सांगते. एका परीक्षकांचा अहवाल लवकर आला, दुसऱ्यांचा येईना. महिन्यातून एकदा नम्रपणे चौकशीचा अर्ज द्यायचा, तोही आवक करून. परीक्षकांना स्वतः फोन करायचा नाही, त्यांची नावंही शोधत बसायचं नाही. त्या काळात मी सगळे आकडे पुन्हा एकदा कच्च्या वहीशी ताडून बघितले.

व्हायवा २०२५ च्या सुरुवातीला झाली. ती खुली असते, विभागातले शिक्षक, संशोधक विद्यार्थी बसू शकतात, प्रश्नही विचारू शकतात. फाउंड्री बदलली तर तुमचे २० टक्के टिकतील का, हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. उत्तरात मी आकडा रेटला नाही. कुठल्या गुणधर्मांवर तो अवलंबून आहे, जळून जाणारा भाग किती, चिकणमाती किती, आणि ते तपासल्याशिवाय आकडा दुसरीकडे लावू नये, असं सांगितलं. कच्ची वही टेबलावर ठेवली होती. बाह्य परीक्षकांनी ती उघडून एका तारखेचे तीन क्यूब स्वतः वाचले. लॉकडाउनमधल्या क्यूबबद्दल विचारलं, परिशिष्ट दाखवलं. मामा मागच्या रांगेत बसले होते. शिफारस जाहीर झाली तेव्हा टाळी पहिली त्यांची पडली.

व्हायवा झाली म्हणजे संपलं नाही. अहवाल पुढं जातो, मग अधिसूचना निघते, तिच्या तारखेपासून नावापुढं डॉक्टर लावायचं. प्रबंधाची सॉफ्ट कॉपी शोधगंगेवर जाते. आपल्या नावाचं आणि शीर्षकाचं स्पेलिंग तिथं चढल्यावर तपासा. तात्पुरत्या प्रमाणपत्राबरोबर, पदवी यूजीसीच्या अमुक सालच्या नियमावलीनुसार दिली आहे, असं लेखी मागून घ्या. पदोन्नतीच्या आणि नव्या नोकरीच्या फायलीला ते लागतंच, आणि नंतर मागायला गेलं तर पुन्हा अर्जापासून सुरुवात.

शिरोलीच्या त्या फाउंड्रीला मी निकालांची दोन पानं मराठीत करून दिली. कुठली वाळू चालते, आधी काय तपासायचं, किती टक्क्यांच्या पुढं जायचं नाही. फोरमननी ती वाचून पेव्हिंग ब्लॉकचं विचारलं. त्यासाठी आयएस १५६५८ प्रमाणं वेगळ्या चाचण्या लागतात, झिजेच्या आणि पाणी शोषण्याच्या. आमच्या कॉलेजातल्या एम.टेक.च्या दोन मुलींनी तो विषय घेतला आहे आणि त्यांचे पहिले ब्लॉक सध्या टाकीत आहेत.